क्लिअर आणि रेडियम व्हिनाइलवर भरदार रंग कसा आणायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात व्हिनाइल छपाईची कामं हंगामाने येतात. कारखान्यांचे बॉयलर पेटायच्या आधी ऊसवाहतुकीच्या गाड्यांची रेडियमची (उजेड परतवणाऱ्या रिफ्लेक्टिव्ह व्हिनाइलची) कामं, संक्रांतीला सिद्धेश्वर यात्रेच्या तोंडावर स्टॉलचे ग्लोसाइन (आतून लाइट असलेले बोर्ड), आषाढीआधी पंढरपूरच्या वाटेवरच्या दिंड्यांच्या गाड्यांवरचे फलक, आणि वर्षभर नव्या पेठेतल्या दुकानांच्या काचा. या सगळ्यांत एक तक्रार कायम असते : "पांढऱ्यावर झकास आलं होतं, यावर रंगच चढत नाही." खाली त्याच तक्रारीतून निघालेले, क्लिअर (आरपार दिसणारं) आणि रेडियम व्हिनाइलचे प्रश्न आहेत. आपल्याकडे बहुतेकांचं मशीन सॉल्व्हंट किंवा इको-सॉल्व्हंट आहे, म्हणून उत्तरंही मुख्यतः त्याच, द्रावक उडून वाळणाऱ्या शाईची आहेत. यूव्हीचा (दिव्याखाली पक्की होणाऱ्या शाईचा) प्रश्न वेगळा घेतला आहे.

पांढऱ्या व्हिनाइलवर उत्तम येणारी फाइल क्लिअरवर फिक्कट का दिसते?

कारण आपल्या चारही शाया (सायन, मॅजेंटा, यलो, काळा) मुळात पारदर्शक असतात. रंग दिसतो तो शाईमागच्या पांढऱ्या पृष्ठभागामुळे. पांढऱ्या व्हिनाइलवर उजेड शाईतून आत जातो, पांढऱ्यावर आपटतो आणि त्याच शाईतून परत बाहेर येतो. म्हणजे तो दोनदा गाळला जातो. समजा शाईचा थर एका फेरीत निम्मा उजेड अडवतो. पांढऱ्यावर दोन फेऱ्या झाल्यामुळे तुमच्या डोळ्यापर्यंत पाव उजेड पोचतो, आणि रंग गडद वाटतो. तेच क्लिअर व्हिनाइल मागून एलईडी असलेल्या बोर्डवर लावलं, की उजेड एकदाच शाईतून जातो. निम्मा उजेड थेट डोळ्यावर येतो, आणि लाल रंग केशरी दिसायला लागतो, काळा राखाडी होतो.

दिवसा, मागे लाइट नसताना, अडचण वेगळी असते. क्लिअरच्या मागे जे असेल तेच तुमचं पांढरं. मागे अंधारं दुकान असेल तर उजेड परत फिरवायला काहीच नाही, आणि रंग जवळजवळ दिसेनासा होतो. ही दुसरी अडचण शाई वाढवून सुटत नाही. तिथे मागे पांढरा थर लागतोच, त्याचं उत्तर खाली पांढऱ्या शाईच्या प्रश्नात आहे.

म्हणून काम हातात घेताना पहिला प्रश्न गिऱ्हाइकाला हाच विचारा : उजेड कुठून येणार आहे? मागून, पुढून की गाडीच्या हेडलाइटमधून? त्याच्या उत्तरावर शाई ठरते. मशीनचा नंबर त्याच्यानंतर.

मग रेडियमवरही शाई वाढवायची का?

नाही. इथेच सगळ्यात जास्त माल वाया जातो.

रिफ्लेक्टिव्ह व्हिनाइलमध्ये वरच्या पारदर्शक थराखाली काचेचे बारीक मणी किंवा सूक्ष्म प्रिझम असतात. हेडलाइटचा उजेड शाईतून आत जातो, मण्यांत किंवा प्रिझममध्ये वळतो आणि जिथून आला तिकडेच शाईतून परत येतो. दोन फेऱ्या इथेही होतात. म्हणजे बॅकलिटसाठी, मागून लाइट असलेल्या बोर्डासाठी, केलेलं दुप्पट शाईचं प्रोफाइल (कुठल्या मालावर किती शाई टाकायची याची साठवलेली सेटिंग) रेडियमवर मारलं, तर रात्री परत येणारा उजेड चौथ्या हिश्शावरून सोळाव्या हिश्शावर जाऊ शकतो. फलक दुकानात दिवसा देखणा दिसतो आणि हैदराबाद रोडवर रात्री काळाठिक्कर. रेडियमसाठी पैसे मोजले आणि मिळालं साधं स्टिकर, अशी गिऱ्हाइकाची फसगत होते.

मग रेडियमवर रंग मळकट का वाटतो? कारण पांढरं म्हणून मिळणारं रेडियम दिवसा पांढरं नसतंच, ते राखाडीकडे झुकलेलं असतं. त्या राखाडीवर पिवळा शेवाळी दिसतो, त्वचेचा रंग मातकट दिसतो. शाई वाढवली की हा मळकटपणा वाढतो. याला उपाय फाइलमध्ये आहे : रंग शुद्ध ठेवा. लालमध्ये मॅजेंटा आणि यलो एवढंच, सायन किंवा काळा चिमूटभरही नको. पिवळ्यात फक्त यलो. फोटो शक्यतो टाळा. टाळता येत नसेल तर त्यातला काळा कमी करून घ्या. ठोकळ (एकसलग भरलेले) रंग, जाड अक्षरं आणि भरपूर मोकळी जागा असलेलं डिझाइन रेडियमवर नेहमी उजवं ठरतं.

काळ्या शाईबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ती परतीचा उजेड बंद करते. पिवळ्या रेडियमवर काळी अक्षरं हवी असतील तर तेच हवंय, तिथे काळा भरघोस द्या. पण गडद तपकिरी, मरून किंवा नेव्ही ब्लू यांत लपलेला काळा रात्री तो अख्खा भाग गिळून टाकतो.

फोटोशॉपमध्ये फाइल डार्क करून दिली तर चालणार नाही का?

चालत नाही, कारण जिथे रंग कमी पडतोय तिथे वाढवायला जागाच नसते. १०० टक्के मॅजेंटा आणि १०० टक्के यलोचा लाल घ्या. फाइलमध्ये तो आधीच भरलेला आहे, त्याच्या पुढे आकडा नाही. फाइल डार्क केली की फक्त मधल्या छटा खाली येतात : चेहरे काळवंडतात, सावल्या बुजतात, आणि ठोकळ लाल होता तेवढाच फिक्कट राहतो.

प्रत्यक्ष शाई किती पडायची हे ठरतं रिप सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे फाइलचे मशीनला कळणारे थेंब करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये. एका रंगाची मर्यादा, चारही रंगांची मिळून मर्यादा, रिझोल्यूशन आणि थेंबाचा आकार, या चार ठिकाणी हात घाला. फाइल डार्क करायला जाऊ नका.

शाईची मर्यादा किती ठेवायची?

एक आकडा सगळ्यांना सांगता येत नाही. मशीन, हेड, शाई आणि रोलची कंपनी बदलली की आकडा बदलतो. पण तो काढायची रीत एकच आहे, आणि तिला अर्धा तासच लागतो.

चार रंगांची बेरीज जास्तीत जास्त ४०० टक्के होते. पांढऱ्या व्हिनाइलच्या प्रोफाइलमध्ये मर्यादा त्याच्या बरीच खाली ठेवलेली असते. क्लिअर रोलवर एक पट्टी छापा, तिच्यात तळहाताएवढे चौकोन, पहिला २०० टक्क्यांचा आणि पुढे २०-२० ने चढत जाणारे. प्रत्येक चौकोनात आकडा छापा, नाहीतर दुसऱ्या दिवशी काहीच आठवत नाही. शिवाय प्रत्येक चौकोनात चार-पाच बारीक उलटी अक्षरं ठेवा, म्हणजे रंगात कोरलेली मोकळी अक्षरं.

पट्टी वाळली की ती खऱ्या लाइटसमोर धरा. मिल्की अॅक्रिलिकचा एक तुकडा आणि मागे त्याच एलईडीच्या दोन पट्ट्या, एवढी सोय टेबलावर कायमची करून ठेवा. सुरुवातीला प्रत्येक चौकोन आधीच्यापेक्षा गडद दिसतो. मग एका टप्प्यानंतर दोन चौकोनांत डोळ्याला फरक कळेनासा होतो. त्याच सुमारास उलट्या अक्षरांची पोटं भरायला लागतात, म्हणजे 'व' चा 'ब' होतो. बोट लावलं तर चिकट लागतं. ज्या चौकोनात फरक दिसणं थांबलं, त्याच्या एक पायरी अलीकडे तुमची मर्यादा. तिथून पुढची शाई फक्त वाळायचा वेळ आणि खर्च वाढवते.

रेडियमसाठी हीच पट्टी छापा, पण बघायची रात्री. पट्टी भिंतीला लावा, दहा-पंधरा पावलं मागे जा, टॉर्च कानशिलाजवळ डोळ्याच्या रेषेत धरा आणि बघा. टॉर्च कमरेजवळ धरून उपयोग नाही. उजेड टॉर्चकडे परत जातो, आणि डोळा तिथे नसला तर चमक दिसतच नाही. मोबाइलने फ्लॅश मारून फोटो काढला तरी चालतं, फ्लॅश आणि कॅमेरा शेजारी असल्यामुळे फोटोत खरी चमक उतरते आणि तो फोटो गिऱ्हाइकाला पाठवताही येतो.

ज्यांच्याकडे रंग मोजायचं उपकरण आहे त्यांनी नीट लिनिअरायझेशन (शाई टप्प्याटप्प्याने सारखी वाढेल असं जुळवणं) करून स्वतंत्र प्रोफाइल बनवावं. ज्यांच्याकडे नाही त्यांनी रोलच्या कंपनीचं बॅकलिट प्रोफाइल उतरवून घ्यावं आणि त्यावर ही पट्टी मारावी. पांढऱ्या ग्लॉसी व्हिनाइलचं प्रोफाइल क्लिअरला लावणं मात्र सोडून द्या.

पास वाढवले की शाई वाढते ना?

दरवेळी नाही. पास म्हणजे एका जागेवरून हेडची एक फेरी. त्याच रिझोल्यूशनवर चारचे आठ पास केले, तर तेवढीच शाई आठ हप्त्यांत पडते. रंग गडद होत नाही, पण प्रत्येक हप्त्याला वाळायला उसंत मिळते, बँडिंग (रंगातले आडवे पट्टे) कमी होतं, आणि शाई न वाहता बसते. फ्लेक्सच्या अनेक मशीनवर पास आणि रिझोल्यूशन एकाच बटणाला बांधलेले असतात. तिथे पास वाढवले की रिझोल्यूशनही वाढतं, त्यामुळे शाईही वाढते. आपल्याकडचा गैरसमज तिथूनच आला आहे. तुमचं मशीन कुठल्या जातीचं आहे, ते रिपमधल्या मोडच्या यादीत बघून घ्या.

खरी शाई वाढते ती डबल स्ट्राइकने. काही रिपमध्ये तिला ओव्हरप्रिंट म्हटलेलं असतं. त्याच जागी हेड दोनदा शाई टाकतं आणि मगच रोल पुढे सरकतो. बॅकलिट कामाला हाच सरळ मार्ग. वेळ दुप्पट जातो, ते धरूनच चला. माझा अनुभव असा, की जास्त पास, एका दिशेने छपाई आणि डबल स्ट्राइक, हे तिन्ही एकत्र केलं की क्लिअरवर ठोकळ रंग काचेसारखा सलग येतो. घाईच्या दिवसांत एका दिशेची छपाई सोडली तरी चालेल, डबल स्ट्राइक सोडू नका.

एकदा छापून रोल मागे घेतला आणि पुन्हा त्याच्यावर छापलं तर?

ठोकळ रंगाच्या मोठ्या भागाला जमू शकतं, बारीक अक्षरांना नाही. हीटरमुळे व्हिनाइल थोडं ताणलेलं आणि थोडं आक्रसलेलं असतं, त्यामुळे दुसरी छपाई केसभर सरकते आणि अक्षरांना सावली येते. मशीनमध्ये डबल स्ट्राइक असेल तर हा उद्योग करू नका.

ठोकळ रंगात शाई गोळा होते, रंग ढगाळ दिसतो. काय करावं?

क्लिअर आणि रेडियम, दोघांचाही पृष्ठभाग शाई लवकर शोषत नाही. थेंब एकमेकांत मिसळून डबकी होतात आणि सुकताना डाग उरतात. शाई कमी करण्याआधी तीन गोष्टी तपासा.

पहिली, पृष्ठभाग. रेडियमच्या रोलवर हाताचं तेल, धूळ, कधी कारखान्यातून आलेला पातळ तवंग असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने एका दिशेने पुसा आणि पूर्ण उडू द्या. थिनर कधीच वापरू नका, रेडियमचा वरचा थर खराब होतो. रोल हाताळताना हातमोजे घाला. आपल्याकडे घामट हाताने रोल चढवला जातो आणि छापल्यावर बोटांचे ठसे रंगातून वर येतात.

दुसरी, उष्णता. रेडियम जाड असतं, त्याला तापायला वेळ लागतो. हीटरचा आकडा ४० दाखवत असला तरी वरचा पृष्ठभाग गारच असू शकतो. रोल चढवल्यावर पट्टा पाच-दहा मिनिटं तापलेल्या प्लेटवर राहू द्या, मग छापा. क्लिअर उलट पातळ असतं, ते पटकन तापतं आणि जास्त तापलं की लाटा येतात, लाट हेडला घासते. म्हणून क्लिअरला प्रिंट हीटर ४० अंशांच्या आसपास किंवा थोडा खालीच ठेवा आणि वाळवायचं काम पुढच्या हीटरवर, पंख्यावर आणि जादा पासवर सोपवा.

तिसरी, स्थिर वीज. एप्रिल-मेमध्ये सोलापूरची हवा कोरडी भट्टी होते. क्लिअर रोल उलगडताना चटचट आवाज येतो, अंगावरचे केस उभे राहतात, आणि खोलीतली सगळी धूळ रोलवर येऊन बसते. शाईचे बारीक थेंबही भरकटतात, कडा धुरकट होतात. मशीनचं अर्थिंग नीट आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, खोलीतली आर्द्रता निम्म्याच्या आसपास राहील असं बघा. कूलरची हवा थेट मशीनवर मात्र नको. तिच्यासोबत पाण्याचे तुषार आणि धूळ दोन्ही येतात.

सोलापूरच्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात सेटिंग बदलायची का?

खोली सांभाळली तर सेटिंग फारशी बदलावी लागत नाही. बहुतेक इको-सॉल्व्हंट मशीनना साधारण २० ते ३० अंशांची खोली मानवते. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात दुपारी ४० च्या वर पारा जातो. शाई पातळ होते, थेंब पसरतो, आणि हिवाळ्यात काढलेली मर्यादा तेव्हा जास्त ठरते. एसी नसेल तर क्लिअरची कामं सकाळी लवकर किंवा रात्री घ्या. जानेवारीतल्या गार सकाळी उलट होतं : शाई दाट, नोझल सुटलेले, रंगात बारीक पांढऱ्या रेघा. मशीन सुरू करून अर्धा तास जाऊ द्या, नोझल चेक पूर्ण आल्याशिवाय क्लिअर चढवू नका. पांढऱ्यावर एक-दोन नोझल नसले तरी खपून जातं, मागून लाइट लागल्यावर तीच रेघ रस्त्यापलीकडून दिसते.

पावसाळ्यात सॉल्व्हंट उडायला वेळ लागतो. तेव्हा वाळवण्याचा वेळ वाढवा, हीटर नको.

बॅकलिटमध्ये काळा राखाडी दिसतो. उपाय?

नुसत्या १०० टक्के काळ्याचा एक थर मागचा लाइट अडवू शकत नाही. काळ्याखाली सायन, मॅजेंटा, यलोचा आधार द्या, एकूण बेरीज तुमच्या मर्यादेत ठेवून. बारीक अक्षरांना हा आधार देऊ नका, कडा फुटतात. संपूर्ण पार्श्वभूमीच काळी असेल, तर छापायचा हट्ट सोडा आणि काळं अपारदर्शक व्हिनाइल प्लॉटरवर कापून लावा. छापलेल्या काळ्यातून कुठे ना कुठे टाचणीएवढा उजेड फुटतोच, कापलेल्यातून फुटत नाही.

ग्लोसाइनला क्लिअर व्हिनाइल वापरावंच का?

बऱ्याचदा नाही. मिल्की अॅक्रिलिकवर लावायचं असेल तर बॅकलिटसाठी मिळणारं दुधी, अर्धपारदर्शक व्हिनाइल घ्या. त्यात पांढरा थर आधीच असतो, त्यामुळे दिवसा रंग उठून दिसतो आणि रात्री लाइट सारखा पसरतो. क्लिअर तिथेच वापरा जिथे रंगाच्या आजूबाजूची जागा खरोखर आरपार हवी आहे : काचेच्या दारावरची नावं, डिस्प्लेचं कपाट, बाटलीचं लेबल. चादर-टॉवेलच्या शोरूमच्या काचेवर मोठा फोटो हवा आणि आतून माल दिसायला नको असेल, तर तिथे क्लिअर हा चुकीचाच माल आहे, पांढरं व्हिनाइल लावा.

पांढरी शाई कधी लागते, आणि ती कशी सांभाळायची?

क्लिअर समोरून बघायचं असेल आणि मागे लाइट नसेल, तर रंगामागे पांढरा थर हवाच. समोरून बघायच्या कामात आधी पांढरा, त्यावर रंग. काचेच्या आतून लावून बाहेरून बघायचं असेल तर फाइल उलटी करा, आधी रंग आणि त्यावर पांढरा. बोर्ड दिवसाही दिसायला हवा आणि रात्रीही, तर रंग, मध्ये पांढरा आणि परत रंग असे तीन थर. दिवसा वरचा रंग दिसतो, रात्री लाइट दोन्ही रंगांतून येतो आणि हवी ती दाटी मिळते. पांढरा थर रंगापेक्षा अगदी किंचित आत ठेवा, नाहीतर कडेला पांढरी किनार डोकावते.

पांढऱ्या शाईत टायटॅनियम डायऑक्साइड असतं. ते जड असतं आणि खाली बसतं. शनिवारी बंद केलेलं मशीन सोमवारी उघडा, बाटली न हलवता उजेडात धरा : वर पातळ दुधाळ पाणी आणि तळाला घट्ट साका. तशीच छपाई केली तर पांढरा थर विरळ येतो, आणि आपण रंगाच्या प्रोफाइलला दोष देत बसतो. शाई रोज हलवायची, सर्क्युलेशन असेल तर ते चालू ठेवायचं, आणि काम नसलं तरी रोज थोडा पांढरा छापायचा.

रेडियमवर पांढरी शाई मारू नका. तिच्याखालची चमक संपते. रेडियमचा एखादा भाग मुद्दाम बंद करायचा असेल, तेवढाच अपवाद.

माझ्या मशीनमध्ये पांढरी शाईच नाही. काचेवरचं काम कसं करू?

क्लिअरवर फाइल उलटी छापा. पूर्ण वाळू द्या. मग छापलेल्या बाजूवर अपारदर्शक पांढरं व्हिनाइल कोल्ड लॅमिनेटरमधून चढवा आणि दोन्ही मिळून कापा. हे स्टिकर काचेला आतून लावलं की बाहेरून बघणाऱ्याला काचेमागे, क्लिअरमागे रंग आणि त्याच्यामागे पांढरं असं दिसतं. रंग भरदार येतो आणि शाई खोलीच्या आत सुरक्षित राहते. पांढऱ्याचा गम थेट रंगाला चिकटतो, त्यामुळे राखाडी गम असलेलं पांढरं लावलं तर रंग मळतो; कुठलंही पांढरं वापरण्याआधी एक तुकडा चिकटवून उजेडात बघा.

मशीन क्लिअर रोल ओळखतच नाही, "मीडिया नाही" म्हणतं.

सेन्सर रोलवरून परत येणाऱ्या उजेडावर चालतो. क्लिअरमधून उजेड आरपार जातो, रेडियम भलतीकडे फेकतं. मशीनच्या मेनूमध्ये क्लिअर मीडियाचा पर्याय असेल तर तो निवडा, किंवा रुंदी ओळखणं बंद करून आकडा हाताने द्या. मग कडेला मोजूनच काम ठेवा, नाहीतर शाई थेट प्लेटवर पडते. तात्पुरतं काम असेल तर सेन्सरच्या वाटेवर रोलच्या खालून पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवतात, तेही चालतं.

रेडियम चढवताना हेडची उंची एक पायरी वर घ्या आणि रोल सरकण्याचं माप परत जुळवा. जाड, जड रोल साध्या व्हिनाइलसारखा सरकत नाही. माप चुकलं की दर पासला गडद रेघ येते, आणि ती शाईची चूक वाटते.

भरपूर शाईची स्टिकर काही दिवसांनी कडेने उचलतात. का?

शाईतलं सॉल्व्हंट व्हिनाइलमध्ये मुरतं आणि गमापर्यंत पोचतं. गम मऊ पडतो, व्हिनाइल आक्रसतं, कड वळते. डबल स्ट्राइकच्या कामात सॉल्व्हंट दुप्पट असतं. हात लावून कोरडं लागलं म्हणजे वाळलं असं नाही. साध्या कामाला निदान २४ तास, भरगच्च कामाला ४८ तास रोल सैल गुंडाळून उभा किंवा उलगडून ठेवा, हवा फिरू द्या. नाक जवळ नेऊन बघा. वास येतोय तोवर लॅमिनेशन करू नका. वर लॅमिनेशन चढवलं की अडकलेल्या सॉल्व्हंटला खालीच वाट उरते.

क्लिअरमध्ये एक सोय आहे ती वापरा. कापण्याची रेघ रंगाच्या दोन-तीन मिलिमीटर बाहेर ठेवा. ती मोकळी कड दिसत नाही, आणि गम तिथे पूर्ण ताकदीचा राहतो.

लॅमिनेशनचा विषय निघालाच आहे तर : ग्लॉसने रंग खोल दिसतो, मॅटने काळा फिका पडतो. दाटी हवी असेल तर ग्लॉस घ्या. रेडियमवर चढवण्याआधी लॅमिनेशनचा तुकडा टॉर्चखाली तपासा, काही फिल्म चमक खातात.

यूव्ही मशीनवर हे सगळं सोपं जातं का?

दाटी आणि पांढरा थर या बाबतीत हो. यूव्हीची शाई दिव्याखाली लगेच पक्की होते, डबकी होत नाहीत, थर हवे तेवढे चढवता येतात आणि वाळायची वाट बघावी लागत नाही. पण थर जाड आणि कडक असतो. गाडीच्या पत्र्याच्या वळणावर, रिव्हेटवर तो तडकतो. शिवाय चकचकीत पृष्ठभागावरून यूव्हीचा उजेड उसळून हेडकडे गेला, तर नोझलमधली शाई जागीच घट्ट होते, आणि हेड ही मशीनमधली सगळ्यात महाग वस्तू. हेडची उंची गरजेपेक्षा जास्त ठेवू नका, दिव्याची ताकद गरजेपुरतीच ठेवा. एखाददुसऱ्या बोर्डासाठी मशीन घेण्यापेक्षा ते काम एमआयडीसीतल्या यूव्हीवाल्याकडून करून घेणं परवडतं.

गिऱ्हाईक म्हणतं, "फ्लेक्सच्या दरात द्या." काय सांगायचं?

दोन तुकडे ठेवा. एकावर साधी छपाई, एकावर डबल स्ट्राइक. दुकानातल्या लाइटवर दोन्ही लावून दाखवा आणि सांगा, की दुसऱ्याला शाई दुप्पट, मशीनचा वेळ दुप्पट, वर दोन दिवस वाळवण. दर चौरस फुटावर ठरतो हे खरं, पण क्लिअरचा चौरस फूट वेगळा असतो. दाखवल्यावर बहुतेक लोक समजून घेतात. जे घेत नाहीत त्यांना साधी छपाई द्या, पण ती रात्री कशी दिसेल हे आधी दाखवूनच.

ऊस ट्रॉलीच्या मागे लाल छापलेलं रेडियम लावलं तर चालेल?

नाव, कारखान्याचा कोड, 'सावकाश चालवा' असा मजकूर छापा, काही हरकत नाही. पण सुरक्षेच्या पट्टीच्या जागी छापलेलं लाल रेडियम देऊ नका. त्यासाठी एआयएस-०९० मानकाची, मुळातच रंगीत असलेली पट्टी मिळते : मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी. तिचा लाल रंग किती उजेड परत पाठवतो हे तपासलेलं असतं, आपल्या मशीनमधून आलेल्या लालचं तसं नसतं. त्या पट्टीवर आपलं स्टिकरही चिकटवू नका. गाळप हंगामात रात्री पंढरपूर, अक्कलकोट, बार्शी रोडला उभ्या ट्रॉल्या असतात, मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला त्या पट्टीशिवाय दुसरं काही दिसत नाही. ऑर्डर छोटी झाली तरी चालेल, हे काम असंच करायचं.

आणि नंबर प्लेट?

छापायची नाही. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना एचएसआरपी (हाय सिक्युरिटी रजिस्ट्रेशन प्लेट) लावूनच येते, आणि महाराष्ट्रात त्याआधीच्या गाड्यांनाही ती सक्तीची आहे. ती अॅल्युमिनियमची, होलोग्राम आणि लेझरने कोरलेल्या क्रमांकाची अधिकृत पाटी असते. एमएच १३ ची सुंदर अक्षरात प्लेट करून द्या म्हणून कोणी आलं, तर त्यांना अधिकृत केंद्राकडे पाठवा.